बाख़, शोपँ आणि कोदाय : पाश्चात्त्य संगीतातली नावं वऱ्हाडी तोंडानं कशी म्हणायची

शाळेचं स्नेहसंमेलन असतं, कुणी मुलगी कीबोर्डवर पाश्चात्त्य संगीतातली एखादी रचना वाजवणार असते, आणि सूत्रसंचालक चिठ्ठीवरचं नाव बघून "आता ऐकू या एक विदेशी धून" म्हणत वेळ मारून नेतो. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, कुठंही जा, हेच. नागपूर-अमरावतीला कीबोर्डच्या परीक्षेला जाणारी पोरंही तिथंच चाचरतात. वाजवता येतं, पण वाजवलं ते कुणाचं हे सांगायची वेळ आली की नजर खाली.

हा लेख त्या सूत्रसंचालकासाठी, त्या पोरांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे. या नावांना लागणारे बहुतेक उच्चार मराठीत आधीपासून आहेत आणि एक-दोन तर वऱ्हाडी बोलीतच सापडतात. घोटाळा होतो तो आपण प्रत्येक नाव आधी इंग्रजी समजून वाचतो म्हणून. इंग्रजीचा फेरा टाळून नाव थेट देवनागरीत उतरवलं की निम्म्याहून जास्त काम तिथंच होतं.

आधी माणूस कुठला ते बघा

स्पेलिंगमध्ये सी आणि एच शेजारी दिसले की आपण 'च' म्हणतो, कारण इंग्रजीच्या तासाला तेच घोकलेलं असतं. पण जर्मन नावात ही जोडी ख़ होते (बाख़), इटालियनमध्ये क होते (केरुबीनी) आणि फ्रेंचमध्ये श (शोपँ). म्हणून चिठ्ठी हातात आली की 'हे कसं वाचायचं' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, नाव कोणत्या भाषेतलं?

नुसत्या जन्मगावावर मात्र जाऊ नका. शोपँ १८१० साली वॉर्साजवळ जन्मला, मनानं पक्का पोलंडचा. पण वडील फ्रान्समधून आलेले, आडनाव फ्रेंच, म्हणून उच्चारही फ्रेंच. ल्युली १६३२ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला, पण त्याची सारी कारकीर्द फ्रान्सच्या राजदरबारात गेली आणि नावही तिथलं झालं. हँडल १६८५ चा, जर्मनीतल्या हाले गावचा. जर्मन लोक त्याला आजही 'हेंडल' म्हणतात. पण तो लंडनला राहिला, १७२७ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला आणि आडनावातल्या 'ए'वरची जर्मन टिंबंही त्यानं सोडून दिली. तेव्हा 'हँडल' म्हणणाऱ्याला कुणी हटकू नये. लिस्टची गंमत वेगळीच. १८११ साली तेव्हाच्या हंगेरीच्या हद्दीत जन्म, घरात जर्मन, आडनावाचं स्पेलिंग मात्र हंगेरियन. त्यातल्या एस-झेड या जोडीचा हंगेरियनमध्ये साधा 'स' होतो. म्हणून 'लिस्ट', 'लिझ्ट' नाही.

भाषा कळायला वेळ लागत नाही. मोबाइलवर संगीतकाराचं नाव टाकलं की पहिल्या दोन ओळींत सापडते.

वहीत उतरवून घ्या

एक वही फक्त यासाठी ठेवा. नाव देवनागरीत लिहा आणि शेजारी रोमन स्पेलिंग लिहू नका. लिहिलंत की ऐन माइकसमोर डोळा तिकडेच जातो आणि तोंडातून इंग्रजी वाचन बाहेर पडतं. ओळीच्या शेवटी भाषेची खूण करा: ज, इ, फ्रें, चे, हं.

खुणा फार नकोत, चार पुरतात. घशातल्या घर्षणासाठी ख़, म्हणजे ख खाली टिंब. नाकातल्या स्वरासाठी चंद्रबिंदू. ज्या अक्षरावर जोर देऊन स्वर लांबवायचा तिथं अवग्रह, जसं पागानीऽनी. आणि फ्रेंच-चेक नावांतल्या एका आवाजासाठी झ़. तो आवाज आपल्याकडे नाही. 'श' म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका आणि गळ्यातून आवाज सोडा, झालं.

आता सगळ्यात मोठी शिल्लक. मराठीत च दोन आहेत आणि ज पण दोन. "चार पेंढ्या चारा" एवढं मोठ्यानं म्हणून बघा. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'तला वेगळा. दुसऱ्या च मध्ये त आणि स एकत्र लपलेले असतात. जर्मन आणि बऱ्याच इटालियन शब्दांतल्या झेडचा उच्चार हाच. मोत्सार्ट म्हणताना मधला आवाज 'चारा'तला काढला की झालं. हिंदी बोलणाऱ्याला हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो गोठ्यात रोज काढतो. तसंच 'जोर, जुना, जागा' यांतला ज आणि 'जीव, जेवण' यांतला ज. पहिला इटालियन 'मेद्झो'मध्ये आहे, दुसरा 'अदाज्यो'मध्ये. लेखात मी 'चारा'तल्या च साठी त्स आणि 'जोर'मधल्या ज साठी द्झ लिहितो, म्हणजे वाचताना गोंधळ नको.

इटालियन : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

संगीतातल्या खुणा आणि सूचना बहुतेक इटालियनमध्ये असतात, म्हणून ही भाषा आधी. मराठी माणसाला ती सगळ्यात सोपीही जाते.

पहिली गोष्ट, ट आणि ड विसरा. इटालियन त-द दातांवर जीभ लावूनच म्हणतात, आपल्या 'ताट' मधल्या पहिल्या अक्षरासारखे. इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे 'स्टॅकॅटो', 'आंडांटे', 'कॉन्सर्टो' आले. खरं आहे ते स्ताक्कातो, आंदान्ते, कोन्चेर्तो. दुसरी गोष्ट, ॲ नाही आणि ऑ जवळजवळ नाही. आ, ए, ई, ओ, ऊ हे पाच स्वर स्वच्छ, उघडे म्हणा. 'ॲलेग्रो'चं आल्लेग्रो होतं.

तिसरी गोष्ट, जोडाक्षर दिसलं की खरोखर जोडून म्हणा. इंग्रजी बोलणारा दोन एल, दोन टी लिहितो आणि एकच म्हणतो. इटालियन माणूस आपल्यासारखा 'पक्का', 'कच्चा', 'हल्ला' म्हणतो. पावारोत्ती, रोस्सीनी, बेल्लीनी, कोरेल्ली, स्कार्लात्ती. इथं आळस केला की नाव लुळं पडतं.

सी आणि जी या दोन अक्षरांचा नियम आपल्याला ओळखीचा वाटेल. त्यांच्यापुढे इ किंवा ए आला की ते मऊ होतात, च आणि ज. दुसरा स्वर असेल तर क आणि ग. मराठीतही इ आणि ए लागला की च मऊच होतो, चिमणी, चेहरा. म्हणून पुच्चीनी, विवाचे (चपळ लयीत), दोल्चे (गोड, हळुवार), अच्चेलेरांदो (लय वाढवत). इ-ए पुढे असूनही क किंवा ग ठेवायचा असेल तर इटालियन लोक मध्ये एच घालतात. म्हणून केरुबीनी, बोक्केरीनी, रेस्पीगी. या एचचा स्वतःचा आवाज काहीच नाही. एस-सी पुढे इ-ए आला तर श, क्रेश्शेंदो, म्हणजे आवाज वाढवत न्या. एस-सी-एच आलं तर स्क, स्केर्त्सो.

आता एक बारकी जागा. अदाज्यो, आर्पेज्ज्यो, ज्योवान्नी, ज्युझेप्पे या शब्दांत स्पेलिंगमध्ये जी नंतर आय असतो, पण तो म्हणायचा नसतो, तो फक्त जी ला मऊ करायला बसवलेला असतो. 'अदाजिओ' म्हणणारे इथं फसतात. आणि आपण नुसतं 'अदाजो' लिहिलं तर 'जोर'मधला ज निघण्याची भीती. म्हणून ज्यो लिहायचं, 'ज्योत'मधलं. सी-आयचंही तसंच, च्याक्कोना.

झेडचे दोन उच्चार आहेत आणि नियम लावत बसण्यापेक्षा ते पाठ केलेले बरे. त्स येतो स्केर्त्सो, कादेन्त्सा, पित्सिकातो यांत. द्झ येतो मेद्झो, इंतेर्मेद्झो आणि दोनिद्झेत्ती यांत. जी-एन ही जोडी 'न्य' होते. 'दाल सेन्यो' म्हणजे खुणेपासून पुन्हा वाजवा, आणि ते 'डाल सेग्नो' म्हणत वाजवणारी पिढीच्या पिढी आपल्याकडे तयार झाली आहे.

वाद्यातला सगळ्यात मोठा वाद चेल्लोचा. वर्गात चित्र दाखवून चेलो म्हटलं की मागून आवाज येतोच, "पेनावरच्या त्याले तं सेलो म्हन्तेत नं जी!" बरोबर आहे पोराचं. पेनाचं आणि पाण्याच्या बाटलीचं नाव आपल्याकडे सेलोच म्हणतात, ते तसंच राहू द्या. वाद्य चेलो. मराठी वाक्यात एक ल पुरतो.

जोर कुठं द्यायचा? इटालियनमध्ये बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर: वेऽर्दी, विवाऽल्दी, सोनाऽता. 'इस्सिमो'वर संपणारे शब्द त्याला अपवाद, पियानीऽस्सिमो, फोर्तीऽस्सिमो. तीऽम्पानी हाही. आपण मराठीत सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, त्यामुळे सुरुवातीला हा जोर नाटकी वाटेल. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. तो स्वर किंचित लांबवला तरी पुरतं.

जर्मन

बाख़पासून सुरुवात करा. आपल्या 'खळं'मधल्या ख ला जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो आणि सुटतो. बाख़च्या ख़ ला तो टेकतच नाही, फटीतून हवा घासत जाते. बाळापूर, कारंजा, अचलपूर भागात उर्दू बोलणारे शेजारी असतील तर त्यांच्या 'ख़बर', 'ख़ाला' मध्ये तो रोज ऐकू येतो. त्यांच्याकडून पाच मिनिटांत शिकून घ्या, कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर येईल. पाख़ेल्बेल, योआख़िम यांतही तोच. इ-ए नंतर मात्र हा आवाज पुढं सरकतो, श आणि ह च्या मधे कुठंतरी. तिथं श म्हटला तरी चालेल, रिशार्ट वाग्नर.

अक्षरांचे आवाज असे. जे म्हणजे य: योहान, योहानेस, कारायान. 'जोहान' नाही. डब्ल्यू म्हणजे व: वाग्नर, वेबर. व्ही म्हणजे बहुतेकदा फ. झेड म्हणजे त्स. स्वरापुढचा एस झ कडे झुकतो, म्हणून पूर्ण नाव योहान झेबास्टियान बाख़. स्वरामागचा एच, पुढं व्यंजन असेल तर, मुका असतो, तो स्वर लांबवतो इतकंच: मालर, ब्राम्स.

ई-आय आणि आय-ई या जोड्यांत सगळे गडबडतात. इथं एक युक्ती आहे आणि गंमत म्हणजे ती इंग्रजीच्याच मदतीनं चालते. जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव म्हणा. शेवटी ई असेल तर 'ई', शेवटी आय असेल तर 'आय'. म्हणून गाण्याला जर्मनमध्ये 'लीट' म्हणतात, आणि हाइनरिश मध्ये 'हाय' येतो. लीटचं स्पेलिंग डी नं संपतं, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी ब, ड, ग हे प, ट, क होतात. अनेकवचनात तो डी आत सरकतो आणि पुन्हा ड होतो, लीडर. कार्यक्रमपत्रिकेवर शूबर्टचे 'लीडर' दिसले तर पुढाऱ्यांशी संबंध जोडू नका.

शब्दाच्या सुरुवातीचा एस-टी म्हणजे श्ट, एस-पी म्हणजे श्प. श्ट्राउस, श्टॉकहाउझन. आपल्याकडे 'इस्कूल', 'इस्टँड' म्हणायची सवय आहे, तिचा धोका इथं आहे. 'इश्ट्राउस' होऊ देऊ नका. उपाय सोपा, आधी नुसता 'श्श्श' लांबवा, मग ट वर उतरा.

ओ आणि यू वर दोन टिंबं असली तर ओठ एक करतात आणि जीभ दुसरं. ओठ 'ऊ'साठी गोल करा आणि आतून 'ई' म्हणा, तो झाला टिंबवाला यू. ओठ 'ओ'साठी गोल करून 'ए' म्हटला की टिंबवाला ओ. देवनागरीत यु आणि यो लिहून भागवा: श्युत्स, क्योशेल. आरशासमोर करा. ओठ हलले की आवाज बिघडतो.

बीथोवनचं काय? जर्मन उच्चार बेऽट-होफन. ट वेगळा, ह वेगळा, 'थ' कुठंच नाही. पण मराठीत बीथोवन इतका रुळलाय की तो बदलायचा हट्ट मी धरत नाही. परीक्षेत आणि पाश्चात्त्य संगीत जाणणाऱ्यांपुढं बेटहोफन म्हणा, गावच्या मंचावर बीथोवन म्हणा. लोकांना माणूस कळला पाहिजे. मोत्सार्टच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे, कारण तिथं आपल्या तोंडाला काहीच त्रास नाही. हायडनला 'हेडन' आणि शूबर्टला ट गाळून 'शूबेर' करू नका. दुसरी चूक फ्रेंच शिकलेले लोक जास्त करतात.

फ्रेंच

शेवटची व्यंजनं बहुधा मुकी: बिझे, गुनो, मास्ने. पण डोळे झाकून सगळी गाळली की पंचाईत होते. रावेलचा ल म्हणायचा, बेर्लिओझ आणि बुलेझचा झ म्हणायचा, पुलँकचा क म्हणायचा. ही चार नावं पाठच करा.

नाकातल्या स्वरांसाठी मराठीपेक्षा आपली नागपुरी हिंदी कामाला येते. "मैं नहीं जाता" मधला 'मैं' म्हणा. शोपँमध्ये शेवटी तोच स्वर आहे. शेवटी 'न' म्हणायचा नाही, जीभ वर टेकवायचीच नाही. सेंट-सेन्स म्हणून ज्याची वाट लावली जाते, तो सँ-साँस. पहिला भाग 'मैं'च्या चालीवर, दुसरा म्हणजे हिंदीतला 'साँस' जसाच्या तसा, शेवटच्या स सकट. मेस्याँ मध्ये हाच 'आँ'.

दब्युसीत पहिलं अक्षर 'दे' नाही, 'दगड'मधला द आहे. पुढचा यु म्हणजे वर सांगितलेला ओठ-गोल ई. ल्युलीतही तोच, आणि एत्युद, म्हणजे सरावाची रचना, यातही. फोरेच्या शेवटच्या ई वर तिरकी रेघ असते, त्यामुळे तो ए स्पष्ट म्हणायचा. बिझेचं पहिलं नाव झ़ोर्झ़. तिथं झ़ कामाला येतो.

जोराची काळजी इथं सोडून द्या. फ्रेंचमध्ये अक्षरं जवळपास सारख्या वजनाची आणि शेवटचं किंचित जड. आपली मराठी सवय इथं आपोआप जुळते. फ्रेंचांचा घशातला र जमवायच्या मागेही लागू नका. आपला र घालून म्हटलेला रावेल सगळ्यांना कळतो, आणि खोटा घशातला र ऐकणाऱ्याला खोकल्यासारखा वाटतो.

हंगेरियन, चेक, पोलिश, रशियन

इथं वऱ्हाडी माणसानं खुर्चीत ताठ बसावं.

झोल्तान कोदाय, जन्म १८८२, मृत्यू १९६७, हंगेरीचा संगीतकार. मुलांना गाऊन संगीत शिकवायची आणि हाताच्या खुणांनी स्वर दाखवायची पद्धत त्याच्या नावानं जगभर ओळखली जाते. त्याच्या आडनावाच्या शेवटी एल-वाय आहे. इंग्रजी वाचणारा 'कोडली' म्हणतो. हंगेरियनमध्ये एल-वाय चा उच्चार 'य'. स्पेलिंगमध्ये ल, तोंडात य. आपण तरी काय वेगळं करतो? लिहितो पोळा, म्हणतो पोया. शाळा लिहायचं, शाया म्हणायचं. डोया, केयं, काया, गूय. पुण्याकडचे पाहुणे हसले तरी हसू द्या. बैलांना सजवून पोयाले नेणाऱ्या तोंडाला कोदाय कधीच जड जाणार नाही. स्पॅनिश संगीतकार दे फाया याच्या नावात दोन एल आहेत, तेही य कडेच झुकतात.

हंगेरियनमध्ये नुसता एस म्हणजे श, आणि एस-झेड म्हणजे स. पोलिशमध्ये नेमकं उलट, एस-झेड म्हणजे श. म्हणून हंगेरीचा शोल्ती आणि लिस्ट, पोलंडचा शिमानोफ्स्की. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, त्यामुळे 'बार्तोक बेला' असं दिसलं तर बेला आडनाव समजू नका. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

चेकमध्येही जोर पहिल्याच अक्षरावर. स्वरावरची तिरकी रेघ जोर दाखवत नाही, दीर्घ स्वर दाखवते. म्हणजे ती आपल्या काना-वेलांटीचंच काम करते. याऽनाचेक म्हणताना जोर 'या'वर ठेवायचा आणि 'ना' दीर्घच ठेवायचा. स्मेताना, जोर 'स्मे'वर. 'स्मरण'मधलं जोडाक्षर येतं तसं येऊ द्या. द्वोर्झ़ाकची सुरुवात 'द्वारका'मधल्या द्व ची. मध्ये आहे ती अवघड जागा, र आणि झ़ एकाच वेळी. चेक मुलांनाही हा आवाज सगळ्यात शेवटी येतो म्हणे. र थरथरवत ठेवून त्यातच झ़ मिसळायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर एकामागोमाग एक म्हणा. 'ड्व्होरॅक' एवढं तरी टळेल.

पोलिशमध्ये सी म्हणजे त्स, पेंदेरेत्स्की. आडवी रेघ मारलेला एल म्हणजे इंग्रजी 'वॉटर'मधला ओठांचा व, आणि डब्ल्यू कधी व, कधी फ. त्यामुळे लुतोस्वाफ्स्की.

रशियन नावांचं स्पेलिंग बघून घाबरू नका, ते मूळचं नाहीच. रशियन लिपी वेगळी, रोमन अक्षरं ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बसवली. चायकोफ्स्कीच्या आधी टी दिसतो तो फ्रेंच सोयीनं आलेला, म्हणायचा नाही. रशियनमध्ये जोराची जागा ठरलेली नसते, नावागणिक पाठ करावी लागते: राख़माऽनिनोफ, शोस्ताकोऽविच, प्रोकोऽफ्येफ, मूऽसोर्गस्की, बोरोदीऽन, रीऽम्स्की-कोऽर्साकोफ.

उरलेले झटपट. नॉर्वेचा ग्रीग, 'ग्रायग' नाही. फिनलंडचा सिबेऽलिउस. स्पॅनिशमध्ये जे म्हणजे ख़ च्या जवळचा ह, म्हणून रोद्रीगोचं पहिलं नाव होआकीन. विला-लोबोस १८८७ साली रिओत जन्मलेला ब्राझिलचा, भाषा पोर्तुगीज, तिथं दोन एल चा य होत नाही. इंग्रजांचीही नावं सरळ नसतात. पर्सलचा जोर 'पर्'वर, आणि राल्फ वॉन विल्यम्स स्वतःला 'रेफ' म्हणवून घ्यायचा.

ऐकून पक्कं करा

वहीत लिहिलेलं नाव त्या भाषेच्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकाच. फोर्वो नावाच्या संकेतस्थळावर त्या त्या देशातल्या लोकांनी एकेक नाव म्हणून ठेवलं आहे. गूगल ट्रान्सलेटमध्येही स्पीकरची खूण दाबून ऐकता येतं, पण भाषा बदलायला विसरू नका. इंग्रजी ठेवून विचाराल तर इंग्रजी ढंगाचंच उत्तर मिळेल. यूट्यूबवर 'उच्चार कसा करावा' छापाचे यंत्राच्या आवाजातले छोटे व्हिडिओ ढिगानं आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा त्या देशातल्या वाद्यवृंदाच्या मैफलीत निवेदक काय म्हणतो ते ऐका आणि वेग पाऊणपट करा.

गावात रेंज येते-जाते, म्हणून रेंज असेल तेव्हा चार-पाच नावं मोबाइलच्या रेकॉर्डरवर उतरवून ठेवा. मग पाठोपाठ म्हणा: आधी एकेक अक्षर, मग जोराचं अक्षर लांबवून पूर्ण नाव, मग नाव वाक्यात. तिसरी पायरी लोक गाळतात आणि माइकवर तिथंच अडखळतात. सुटं नाव येतं, "आता सादर होत आहे" च्या पुढं आलं की जीभ वळत नाही.

आकडे आणि आद्याक्षरं

नावापुढं जे आकडे असतात तेही वाचता आले पाहिजेत. ओपी म्हणजे ओपस, प्रकाशनाच्या ओघानं पडलेला क्रमांक. मोत्सार्टपुढं के येतो तो लुडविग फॉन क्योशेलच्या सूचीचा, ती पहिल्यांदा १८६२ मध्ये छापली गेली. मंचावर "क्योशेल ५२५" म्हणा. बाख़पुढं बी-डब्ल्यू-व्ही ही तीन अक्षरं येतात. ती सरळ वाचत बसण्यापेक्षा "बाख़च्या रचनांच्या सूचीत क्रमांक १००७" म्हटलं तर ऐकणाऱ्यालाही कळतं. शूबर्टचा डी 'डॉइच' या सूचीकाराचा.

जर्मन पत्रिकेत स्वराचं नाव एच दिसलं तर छपाईची चूक समजू नका. आपण ज्याला बी म्हणतो त्याला जर्मन लोक एच म्हणतात आणि बी फ्लॅटला नुसतं बी. म्हणूनच बाख़ला स्वतःच्या आडनावाची बी-ए-सी-एच ही चार अक्षरं स्वरांत वाजवता आली. 'मोल' म्हणजे मायनर, 'दुर' म्हणजे मेजर, हे पाश्चात्त्य स्वरपट्ट्यांचे दोन प्रकार.

मराठी वाक्यात बसवताना

पियानो, व्हायोलिन, ऑपेरा, सिंफनी, गिटार हे शब्द आता आपले झाले. त्यांना हात लावू नका. बँडपार्टीतला क्लॅरनेट आणि ट्रम्पेटही तसेच राहू द्या, वरातीत मूळ उच्चाराला कुणी विचारत नाही. 'ऑर्केस्ट्रा' मात्र जपून वापरा. आपल्या खेड्यापाड्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक सिनेमाच्या गाण्यांची पार्टी समजून सतरंज्या घेऊन येतात. तिथं 'वाद्यवृंद' म्हणा.

नावाला विभक्ती लावताना नाव मोडू नका. मोत्सार्टचा, बाख़ला, दब्युसीनं, शोपँची. 'मोत्सार्टाचा' नको. शोपँला प्रत्यय लावला की नाकातला स्वर हमखास गळतो आणि 'शोपनची' होतं, त्यासाठी "शोपँची रचना" हे दोन शब्दच वेगळे घोटा. नावाआधी एक निमिष थांबा, नाव सांगा, आणि पुढं लगेच आपल्या नेहमीच्या मराठीत या. सगळं वाक्यच परदेशी ढंगात म्हटलं की पहिल्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसतात.

कलाकार समोर असेल, पाहुणा असो की आपल्याच शाळेची पोर, तर चिठ्ठी घेऊन आधी तिच्याकडे जा आणि "ताई, तुम्ही हे नाव कसं म्हणता?" एवढं विचारा. तिच्या गुरूंनी जे शिकवलं तेच मंचावर म्हणा, वहीत वेगळं असलं तरी. ती तुमच्यानंतर माइकवर येऊन दुसरा उच्चार करणार असेल तर प्रेक्षकांना दोन संगीतकार वाटतील.

पत्रिका छापायला टाकलीत की प्रूफ स्वतः बघा. तालुक्याच्या प्रेसमध्ये जुने फॉन्ट असतात, त्यांत ख़ खालचं टिंब आणि पँ वरचा चंद्रबिंदू हमखास गळतात. कधी चंद्रबिंदूचा नुसता चंद्र उरतो आणि शोपँचा 'शोपॅ' होतो. प्रेसवाल्या भाऊंना टिंब मिळालं नाही तर वाद घालू नका, वाटायच्या पत्रिका तशाच जाऊ द्या. सूत्रसंचालकाच्या प्रतीवर तेवढं टिंब, चंद्रबिंदू आणि अवग्रह काळ्या पेनानं ठळक काढून द्या.